ओटा, गाळा आणि रस्ता: पुण्याच्या पेठांतल्या बाजाराची पार्श्वभूमी

लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद करायचा का, पथारीवाल्यांनी बसायचं कुठे, गाड्या लावायच्या कुठे, हे वाद पुण्यात दर वेळी काल सुरू झाल्यासारखे घातले जातात. वास्तविक पेठेत कोणी कुठे आणि कुठल्या अटीवर बसायचं, हे इथे पेशवाईपासून ठरवलं जात आलं आहे.

पेठ आपोआप उभी राहत नसे, ती वसवावी लागे. व्यापारी आणि कारागीर यावेत म्हणून त्यांना कौल, म्हणजे सवलतींचं लेखी अभय, दिला जाई, सुरुवातीची काही वर्षं करात सूट मिळे आणि कारभार शेटे-महाजन, म्हणजे बाजारपेठेचे वतनदार, बघत. शुक्रवार पेठ, म्हणजे जुनं विसापूर, १७३४च्या सुमारास जिवाजीपंत खासगीवाल्यांनी अशीच वसवली. एका धंद्याची माणसं एका आळीत राहत. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी ही नावं त्याचीच खूण. तुळशीबागेचं मात्र वेगळं. नारो अप्पाजी खिरे यांनी १७६१मध्ये तिथे राममंदिराचं काम सुरू केलं. बोळात भातुकलीची भांडी आणि बांगड्यांची दुकानं त्या देवळाच्या आश्रयाने जमली.

भाजीबाजार भरायचा शनिवारवाड्यासमोर, उघड्यावर. नगरपालिकेने पक्की मंडई बांधायचं ठरवलं तेव्हा महात्मा फुले सभासद होते (१८७६ ते १८८२). त्यांनी विरोध केला; एवढा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. इमारत झालीच. वासुदेव बापूजी कानिटकरांनी बांधलेली ही अष्टकोनी मंडई १८८६मध्ये उघडली आणि गव्हर्नरच्या नावाने तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं ते फुल्यांचंच! पुण्याच्या इतिहासात असे विनोद कुणी मुद्दाम रचत नाही.

मंडईने एक गोष्ट कायमची बदलली: नगरपालिका बाजाराची घरमालक झाली. भाडं भरा, ओटा घ्या. आजही आत शिरलात तर भाजीवाली उंच ओट्यावर, उतरत्या रचलेल्या वांग्या-टोमॅटोंच्या मागे बसलेली दिसते. आपण मान वर करून भाव विचारतो. बाहेर पडलं की उलटं. तिथली मावशी गोणपाटावर बसलेली असते आणि वाकून भाव आपण विचारायचा. भाजी तीच, पण एकीकडे पावती असते आणि दुसरीकडे अतिक्रमणाच्या गाडीची धास्ती.

घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला तेव्हा मंडईतली ट्रकची गर्दी गेली, उरलं ते किरकोळ गिऱ्हाईक. हे मला तरी योग्यच वाटतं, कारण शुक्रवार पेठेच्या गल्ल्या ट्रकसाठी नव्हत्याच.

बाहेरच्या मावशीचा प्रश्न सोडवायला कायद्याला बराच वेळ लागला. रस्त्यावर धंदा करणं हा घटनेतल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, पण त्यावर वाजवी बंधनं घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितलं. केंद्राचा कायदा आला २०१४मध्ये. दर पाच वर्षांनी पाहणी, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा, आणि शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के निवडून आलेले विक्रेते. कागदावर हा कायदा उत्तम आहे. ‘फेरीवाला क्षेत्र’ आपल्या दुकानासमोर मात्र कुणालाच नको असतं.

मधल्या काळात गाड्या वाढल्या. मंडईजवळच्या आर्यन चित्रपटगृहाच्या जागी वाहनतळ आला. २०२४च्या सप्टेंबरअखेर भुयारी मेट्रोचं स्थानक थेट मंडईत सुरू झालं, म्हणजे गाडी न काढता खरेदीला येण्याची सोय झाली. त्याआधी ११ डिसेंबर २०२१ला महापालिकेने पहिला पादचारी दिन केला होता: लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा दिवसभर माणसांना मोकळा. दुसऱ्या दिवसापासून दुचाक्या पुन्हा आपापल्या जागी.