सीआयमधली सीक्रेट्स: पार्श्वभूमी

सीआय (कंटिन्युअस इंटिग्रेशन) म्हणजे कोड बदलला की तो आपोआप बिल्ड करून, म्हणजे चालवण्याजोगे रूप देऊन, तपासणारी यंत्रणा; सीक्रेट्स म्हणजे तिला लागणारे पासवर्ड, की अशी गुपिते. २००१ मध्ये क्रूझकंट्रोल हे सीआयचे टूल आले तेव्हा सीआयचे काम आटोपशीर होते: कोड घ्यायचा, बिल्ड करायचा, टेस्ट चालवायच्या, काय मोडले ते कळवायचे. त्यासाठी फारसे पासवर्ड लागत नसत. पुढे त्याच बिल्डने पॅकेज प्रकाशित करावे, थेट सर्व्हरवर डिप्लॉय करावे, अशी अपेक्षा आली. मग डेटाबेसचे पासवर्ड, क्लाउडच्या की, साइनिंगची सर्टिफिकेट्स अशी सगळी जोखीम सीआयच्या मशीनवर येऊन साठली.

हडसन या सीआय सर्व्हरमधून २०११ मध्ये वेगळे झालेले जेनकिन्स क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, की वगैरे) एन्क्रिप्ट करून ठेवते. पण ती उलगडणारी मास्टर की त्याच सर्व्हरच्या डिस्कवर असते. जेनकिन्सची होम डिरेक्टरी ज्याच्या हाती लागली, त्याला कुलूप आणि किल्ली एकत्रच मिळतात. बॅकअप घेणाऱ्या कितीतरी टीम्सच्या हे आजही लक्षात येत नाही.

ओपन सोर्सपुढचा पेच निराळा होता, कारण तिथे बिल्डची कॉन्फिगरेशन फाइलच जगजाहीर. २०११ मध्येच सुरू झालेल्या ट्रॅव्हिस सीआयने त्यावर सुंदर तोड काढली. प्रत्येक रिपॉझिटरीला (प्रकल्पाच्या कोडच्या साठ्याला) आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीच्या कीची एक जोडी द्यायची. पब्लिक की घेऊन कोणीही एन्क्रिप्ट करावे, ते उलगडणारी प्रायव्हेट की ट्रॅव्हिसकडे राहील. एन्क्रिप्ट केलेले टोकन (पासवर्डसारखी प्रवेशाची खूण) मग बिनधास्त कमिट करता येई, म्हणजे जाहीर कोडसोबत ठेवता येई. आरएसएमध्ये एका वेळी मोजकेच बाइट मावतात, म्हणून मोठी फाइल एईएस या दुसऱ्या पद्धतीने एन्क्रिप्ट करायची आणि तिची की गुप्त ठेवलेल्या व्हेरिएबलमध्ये द्यायची, ही पद्धतही तिथेच रुळली.

पण बिल्ड चालू झाला की सीक्रेट उघडावेच लागते, आणि माझ्या मते या विषयाचा सगळा इतिहास या एका क्षणाभोवती फिरतो. पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवणारा अनोळखी माणूस बिल्ड स्क्रिप्टच बदलू शकतो आणि उघडलेले टोकन बाहेर पाठवू शकतो. म्हणूनच फोर्कमधून (दुसऱ्याने घेतलेल्या रिपॉझिटरीच्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टला सीक्रेट्स द्यायची नाहीत, हा नियम आला. तो किती नाजूक आहे ते सप्टेंबर २०२१ मध्ये दिसले: ट्रॅव्हिसमधल्या एका त्रुटीमुळे ३ ते १० तारखेदरम्यान सार्वजनिक रिपॉझिटरींची सीक्रेट्स अशा बिल्ड्सना मिळू शकत होती.

त्याच वर्षी टेस्टमध्ये किती कोड तपासला जातो ते मोजणाऱ्या कोडकव्ह या सेवेची, ग्राहकांच्या बिल्डमध्ये चालणारी बॅश स्क्रिप्ट कोणीतरी गुपचूप बदलली. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत ती ग्राहकांच्या बिल्डमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (जिथे उघडलेली सीक्रेट्स असतात) परक्या सर्व्हरकडे पाठवत राहिली. इथे कोणाचे एन्क्रिप्शन फोडावे लागलेच नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्कलसीआय या सीआय सेवेने तर सर्व ग्राहकांना सगळी सीक्रेट्स बदलायला सांगितले. एका इंजिनियरच्या लॅपटॉपवरच्या मालवेअरने त्याचे लॉगिन झालेले सेशन चोरले होते, त्यामुळे टू-फॅक्टरचा उपयोग झाला नाही. साठवलेला डेटा एन्क्रिप्टेड होता, पण हल्लेखोराने चालू प्रोसेसमधून कीच काढून घेतल्या.

गिटहब ॲक्शन्स या गिटहबच्या सीआय सेवेत सीक्रेट्स लिबसोडियम या लायब्ररीने एन्क्रिप्ट होतात आणि लॉगमध्ये त्यांच्या जागी तारका छापल्या जातात. हे मास्किंग उपयोगी आहे, पण ते नेमका तोच मजकूर शोधते. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स'च्या एका लोकप्रिय ॲक्शनमध्ये (बिल्डमध्ये जोडायच्या तयार घटकात) घुसवलेल्या कोडने रनरच्या, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनच्या, मेमरीतली सीक्रेट्स दोनदा बेस६४ करून (अक्षरांचे रूप बदलून) लॉगमध्ये छापली; मास्किंगला ती ओळखूच आली नाहीत. ती ॲक्शन २३,००० हून अधिक रिपॉझिटरी वापरत होत्या.

दरम्यान दुसरा विचार मूळ धरत होता: दीर्घायुषी सीक्रेट ठेवायचेच कशाला? २०१५ मध्ये आलेल्या हॅशिकॉर्पच्या व्हॉल्टने थोड्या वेळात आपोआप रद्द होणारी क्रेडेन्शियल्स रुळवली. २०२१ मध्ये गिटहब ॲक्शन्सने ओआयडीसी (ओपनआयडी कनेक्ट) ही ओळख पटवण्याची पद्धत आणली. आता प्रत्येक जॉबला सही केलेले टोकन मिळते. त्यात रिपॉझिटरी, ब्रांच अशी ओळख असते. क्लाउड ती सही तपासून अल्पकाळापुरता प्रवेश देतो. साठवलेली की नाही, म्हणून ती चोरीला जाण्याचा प्रश्नही नाही. मात्र बिल्डच बिघडवला गेला तर त्या अल्पकाळातला प्रवेश हल्लेखोरालाही मिळतो. शिवाय क्लाउडच्या बाजूला विश्वासाची अट नेमकी लिहावी लागते. टोकन गिटहबचे आहे एवढेच तपासले आणि रिपॉझिटरी कोणाची ते पाहिले नाही, तर गिटहबवरचा कोणीही आपल्या वर्कफ्लोमधून (ॲक्शन्सच्या बिल्डमधून) तोच रोल, म्हणजे क्लाउडमधले तेच अधिकार, घेऊ शकतो.