रामापिथेकस : मानवाच्या वंशवृक्षात आला कसा आणि बाहेर पडला कसा

मानवाच्या उत्क्रांतीचे टप्पे आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केले आहेत. आधी रामापिथेकस, मग ऑस्ट्रेलोपिथेकस, मग होमो हॅबिलिस, होमो इरेक्टस आणि शेवटी आपण. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हा क्रम अजूनही भेटतो. पण यातले पहिले नाव १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मानवाच्या पूर्वजांमधून वगळले गेले. ते यादीत कशाच्या आधारावर आले होते आणि कोणत्या पुराव्यापुढे टिकले नाही, हे समजून घेतले की जीवाश्मांवरून माणसाचा भूतकाळ कसा ठरवतात हेही कळते. शिवाय ही गोष्ट बरीचशी आपल्या उपखंडातल्या मातीत घडलेली आहे.

हिमालय वर येत असताना त्याच्या उतारांवरून वाहणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी लाखो वर्षे गाळ आणून टाकला. तो गाळ पुढे दगड झाला, उचलला गेला, आणि त्याच्या टेकड्या पाकिस्तानातल्या पोटवार पठारापासून जम्मू, हिमाचल, उत्तराखंड अशा पसरल्या. याच त्या शिवालिक टेकड्या. १८३० च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या दोघांनी इथून हत्ती, पाणघोडे, जिराफ, प्रचंड कासवे यांची हाडे गोळा केली. त्यांत एका माकडाचा जबडाही होता. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे गाय पिलग्रिम यांनी १९१० मध्ये इथल्या एका कपीला शिवापिथेकस हे नाव दिले. कपी म्हणजे ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांच्या गटातला बिनशेपटीचा प्राणी. हा कपी माणसाच्या वाटेवरचा असावा, असे पिलग्रिम यांना वाटत होते.

त्या काळात असे वाटणे स्वाभाविक होते. डार्विनने १८७१ मध्ये लिहिले होते की गोरिला आणि चिंपांझी आफ्रिकेत राहतात, तेव्हा आपले जुने पूर्वजही बहुधा तिथलेच असतील. पण पुढची पन्नास वर्षे विद्वानांचा ओढा आशियाकडेच राहिला. यूजीन द्युब्वा या डच डॉक्टरला १८९१ मध्ये जावा बेटावर ट्रिनिल इथे जुन्या मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला आणि आशियाच्या बाजूने तराजू झुकला. इंग्लंडमध्ये १९१२ मध्ये जाहीर झालेल्या पिल्टडाउनच्या कवटीने वेगळाच गोंधळ घातला. मोठा मेंदू आणि कपीचा जबडा असलेला हा ‘पूर्वज’ बनावट होता, हे सिद्ध व्हायला १९५३ साल उजाडले. मधल्या काळात, १९२५ मध्ये, रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या टाउंगच्या लहान मुलाची कवटी जगापुढे मांडली. मेंदू छोटा, पण मणक्यावर डोके तोलण्याची पद्धत माणसासारखी. तिच्याकडे बराच काळ बहुतेकांनी काणाडोळा केला.

या वातावरणात येल विद्यापीठाचे तरुण संशोधक जी. एडवर्ड लुईस १९३२ मध्ये शिवालिक टेकड्यांत आले. तेव्हाच्या बिलासपूर संस्थानात, म्हणजे आजच्या हिमाचल प्रदेशात, हरितल्यांगर गावाजवळ त्यांना वरच्या जबड्याचा उजव्या बाजूचा एक तुकडा मिळाला. दोन उपदाढा, दोन दाढा, सुळ्याची रिकामी खोबण, एवढाच ऐवज. तो तळहातावर सहज मावेल. लुईस यांनी १९३४ मध्ये त्याला रामापिथेकस ब्रेव्हिरोस्ट्रिस हे नाव दिले आणि याचे तोंड कपींपेक्षा आखूड, माणसासारखे असल्याचे सांगितले. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतले नामवंत मानवशास्त्रज्ञ अलेश हर्ड्लिच्का यांनी हा दावा खोडून काढला. त्यानंतर तो तुकडा पाव शतक येलच्या संग्रहालयात पडून राहिला.

तो पुन्हा बाहेर काढला जीवाश्मतज्ज्ञ एल्विन सायमन्स यांनी, १९६१ मध्ये. त्याच सुमारास लुईस लीकी यांनी केनियात फोर्ट टर्नान इथे तशाच ठेवणीचा जबडा मिळाल्याचे जाहीर केले. त्याचे वय सुमारे १ कोटी ४० लाख वर्षे होते. सायमन्स आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड पिलबीम यांनी दोन्ही एकत्र करून रामापिथेकसला मानवकुळाचा सर्वांत जुना सदस्य ठरवले.

त्यांचा युक्तिवाद आजही वाचताना ओढ लावतो. कपींचे सुळे मोठे असतात, भांडताना आणि धाक दाखवताना कामी येतात. रामापिथेकसची सुळ्याची खोबण छोटी, म्हणजे सुळाही छोटा. मग तो स्वतःचा बचाव कसा करत असेल? हत्याराने. हत्यार धरायचे तर हात मोकळे हवेत, आणि हात मोकळे हवेत तर दोन पायांवर चालायला हवे. शिवाय दाढांवरचे इनॅमल जाड, माणसासारखे. म्हणजे जंगलातली मऊ फळे सोडून हा प्राणी मोकळ्या माळावरचे टणक बी-दाणे खात असणार. चार दातांवरून दोन पायांवर चालणारा, हत्यार वापरणारा, माळरानावरचा प्राणी उभा राहिला. पायाचे किंवा कमरेचे एकही हाड कोणाजवळ नव्हते.

जबड्याच्या आकाराचेही तसेच. माणसाच्या दातांची रांग कमानीसारखी वळते, तर कपींच्या दोन्ही बाजूंच्या रांगा बऱ्याचशा सरळ जातात. एडवर्ड लुईस यांच्या हरितल्यांगरच्या तुकड्यात टाळूची मधली रेषाच शिल्लक नव्हती. मग उजव्या तुकड्याची आरशातली प्रतिमा डावीकडे लावायची, आणि दोघांमध्ये अंतर किती ठेवायचे ते आपण ठरवायचे. तुकडे जवळ-लांब, तिरपे-सरळ ठेवून हवी ती कमान मिळू शकते. यात लबाडी नव्हती. सायमन्स आणि पिलबीम दोघेही अव्वल दर्जाचे अभ्यासक होते. पण काय सापडायला हवे हे मनात आधीच पक्के असले की मधली मोकळी जागा त्याच आकाराने भरते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

पहिला मोठा धक्का हाडांकडून आलाच नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा अभ्यास करत होते. माणसाचे अल्ब्युमिन सशाला टोचले की सशाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. तीच प्रतिपिंडे चिंपांझी, गोरिला, गिबन, माकड यांच्या अल्ब्युमिनशी किती जोराने अभिक्रिया करतात ते मोजायचे. नाते जितके जवळचे, तितकी अभिक्रिया तीव्र. प्रथिनातले बदल साधारण समान वेगाने साचतात असे धरले, आणि कपी व ‘जुन्या जगातली’, म्हणजे आफ्रिका-आशियातली, माकडे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली हे माप म्हणून घेतले, तर इतर फाट्यांच्या तारखाही काढता येतात. १९६७ मध्ये त्यांनी उत्तर छापले : माणूस आणि आफ्रिकी कपी सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले.

हे खरे असेल तर १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा रामापिथेकस मानवकुळात असूच शकत नव्हता, कारण ते कुळ तेव्हा वेगळे झालेलेच नव्हते. सॅरिच यांनी पुढे ठणकावून सांगितले की ८० लाख वर्षांहून जुना जीवाश्म दिसायला कसाही असो, तो मानवकुळातला मानण्याची सोय आता उरलेली नाही. जीवाश्मतज्ज्ञ संतापले. प्रयोगशाळेतल्या लोकांनी हाडांबद्दल बोलावे हेच त्यांना पटत नव्हते. आजचे अंदाज ५० लाखांपेक्षा काहीसे मागे गेले आहेत, पण मूळ निष्कर्ष टिकला.

जीवाश्मांनी उत्तर द्यायला आणखी दशक घेतले. १९७३ मध्ये अ‍ॅलन वॉकर आणि पीटर अँड्रूज यांनी फोर्ट टर्नानचे तुकडे नव्याने जुळवले, तेव्हा कमान निघालीच नाही. पिलबीम तोवर पाकिस्तानच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाबरोबर पोटवार पठारावर काम करू लागले होते. तिथे मिळालेला खालचा जबडाही माणसासारखा नव्हता. पुढे निमुळता, मागे रुंद होत जाणारा होता. मग तिथेच शिवापिथेकसचा बराचसा चेहरा सापडला आणि पिलबीम यांनी १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. उभट डोळ्यांच्या खोबणी, त्यांच्यामधली अगदी अरुंद जागा, कपाळाखाली आत गेलेला आणि तोंडाशी पुढे आलेला चेहरा. ओरांगउटानची कवटी ज्याने पाहिली आहे त्याला ओळख पटायला वेळ लागला नसता. रामापिथेकस म्हणून वेगळे काढलेले शिवालिकातले नमुनेही याच शिवापिथेकसचे, बहुधा लहान चणीच्या माद्यांचे, हे आता मान्य झाले. छोट्या सुळ्यांचे कारण तेवढे साधे होते.

पिलबीम यांनी आपले मत बदलल्याचे उघडपणे लिहिले. ज्या सिद्धान्ताने त्यांचे नाव झाले, तो त्यांनी स्वतः खणून काढलेल्या हाडांमुळे मोडला आणि त्यांनी ते लपवले नाही. मला त्यांच्याबद्दल यासाठी मनापासून आदर वाटतो. शिवापिथेकसचे ओरांगउटानशी नेमके नाते काय, हे कोडेही त्यांनी सोपे करून ठेवले नाही. १९९० मध्ये त्यांच्या चमूने शिवापिथेकसची दंडाची हाडे प्रसिद्ध केली आणि ती ओरांगउटानसारखी नव्हती. चेहरा एका बाजूला बोट दाखवतो, हात दुसऱ्या बाजूला. तो तिढा अजून पुरता सुटलेला नाही.

इकडे हे चालू असताना आफ्रिकेत नेमकी तीच हाडे मिळत होती जी रामापिथेकसजवळ नव्हती. इथिओपियात हदार इथे नोव्हेंबर १९७४ मध्ये डोनाल्ड जोहान्सन यांना सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘लुसी’चा जवळजवळ ४० टक्के सांगाडा मिळाला. कमरेचे हाड आणि गुडघा दोन पायांवर चालणाऱ्याचे, मेंदू मात्र कपीएवढाच. टांझानियात लाएटोली इथे १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या पावलांची रांग सापडली. ती साडेछत्तीस लाख वर्षांहून जुनी आहे. पुढे इथिओपियातला ४४ लाख वर्षांपूर्वीचा आर्डिपिथेकस आणि चाडमधली ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीची साहेलान्थ्रोपसची कवटी पुढे आली. हत्यारासाठी हात मोकळे हवेत म्हणून माणूस उभा राहिला, ही जुनी साखळीही त्यामुळे तुटली : चालणे आधी आले, घडवलेली दगडी हत्यारे लाखो वर्षांनी.

भारतात प्राचीन मानवाचा पुरावा नाही, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी देशभर अश्मयुगीन हत्यारांचा प्रचंड साठा उजेडात आणला. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. हत्यारे अशी मुबलक, हाडे मात्र अत्यंत दुर्मीळ. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी हथनोरा इथे कवटीचा उजवा भाग मिळाला. तो होमो इरेक्टसचा की आद्य होमो सेपियन्सचा, यावर तेव्हापासून वाद आहे. पण ती कवटी मानवकुळातली आहे, याबद्दल वाद नाही. पाठ्यपुस्तकात शिवालिकातला तो जबडा इतकी वर्षे मिरवला आणि हथनोराचे नाव मात्र कित्येक विद्यार्थ्यांच्या कानावरही पडत नाही, याची मला खंत वाटते.

शिवालिकातले काम थांबलेले नाही. २०१५ मध्ये जम्मूतल्या रामनगर इथे एक छोटी खालची दाढ मिळाली. ती सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची आहे. पाच वर्षे तपासून, सीटी स्कॅन करून, जिवंत आणि नामशेष कपींच्या दाढांशी ताडून ख्रिस्तोफर गिल्बर्ट, प्रेमजित सिंग, राजीव पटनायक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिला ‘कपी रामनगरेन्सिस’ हे नाव दिले. हा गिबनच्या शाखेचा आतापर्यंत माहीत असलेला सर्वांत जुना प्रतिनिधी आहे, असा त्यांचा दावा आहे. या वेळीही पुरावा एका दातापुरताच होता. पण हा प्राणी कसा चालत असेल किंवा हातात काय धरत असेल, हे त्या दातावरून कोणी ठरवले नाही.