सीएसआर म्हणजे मालकाचा दानधर्म नव्हे

नवी मुंबईतल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात एक समज वर्षानुवर्षं घट्ट बसलाय: सीएसआर (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणजे कंपनीची मर्जी, दिलं तर उपकार. म्हणूनच मंडळाची पोरं कमानीसाठी पावतीपुस्तक घेऊन रबाळ्यात कंपनीच्या गेटवर जातात आणि बॅनर लागला की सीएसआर झाला असं धरतात.

तसं नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आधीच्या वर्षी नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक जरी गाठलं तरी मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्चावी लागते. जाहिरातीची कमान त्यात बसत नाही. फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्चही नाही.

बसतं काय, तर स्त्री-पुरुष समानता, विषमता कमी करणं, झोपडपट्टी सुधारणा, पिण्याचं पाणी. वस्तीतल्या शांततेचा सीएसआरशी संबंध इथेच येतो. आमच्याकडच्या एका वस्तीत पहाटे एकाच नळावर हंड्यांची रांग लागायची; नंबरावरून सुरू झालेलं भांडण गावावर, जातीवर, भाषेवर घसरायचं. टाकी बसली, चार नळ वाढले आणि ती शिवीगाळ थांबली. शांततेवरच्या कुठल्याही भाषणाने हे झालं नसतं.

कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही कायदा म्हणतो. तेव्हा दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांनी हात पसरायचं कारण नाही. मंजूर प्रकल्पांची माहिती कंपनीने, वेबसाइट असल्यास, तिथे द्यायची असते. ती वाचून अर्ज करा.