शक्तिव्यायामातील कंटाळा

शक्तिव्यायामातील कंटाळा : वजने उचलून किंवा शरीराचाच भार वापरून ताकद कमावण्याचा व्यायाम काही महिने नियमित केल्यावर त्यातली गोडी ओसरणे. जिमला जाणाऱ्यांत हा अनुभव इतका सरसकट आढळतो, की तो येत नाही असे सांगणारा एकतर नवा असतो किंवा स्पर्धेच्या तयारीत असतो. आळसाहून हे दुखणे निराळे. आळशी माणूस घरातून निघतच नाही. कंटाळलेला वेळेवर पोचतो, बुटांच्या नाड्या बांधतो, पहिला सेट (न थांबता केलेल्या उचलींची एक खेप) मारतो आणि मग बाकावर बसून फोन चाळू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करायला हवा. शिफारस काही वर्षांपुरती नाही, वय वाढले तरी ती लागू आहे. म्हणून कंटाळ्याचा प्रश्न केवळ हौशी शरीरसौष्ठवपटूंचा राहत नाही, साठीतल्या आजींचाही होतो.

कारणे

खेळात समोर प्रतिस्पर्धी असतो, चालताना रस्ता बदलतो. शक्तिव्यायामात मात्र पुनरावृत्तीवरच सगळे काम चालते. स्नायूला सवयीपेक्षा किंचित जास्त भार द्यायचा, तो अंगवळणी पडला की भार आणखी थोडा वाढवायचा. इ.स.पू. सहाव्या शतकातल्या क्रोटोनच्या मायलो या ग्रीक मल्लाची आख्यायिका याच तत्त्वासाठी सांगितली जाते : तो रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले, आणि वासराचा बैल झाला तरी त्याला ते पेलत होते. मायलोची सोय अशी, की त्याचे वासरू आपोआप वाढत होते. जिममधली प्लेट, म्हणजे वजनाची चकती, वाढत नाही, ती आपणच बदलावी लागते आणि पुढे पुढे तीही महिनोन्महिने बदलता येत नाही.

कंटाळ्याचे मूळ बहुधा इथेच आहे. नवशिक्याची ताकद पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. ही वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते. मेंदू आणि मज्जातंतू आहे तेच स्नायू अधिक नेमकेपणाने वापरायला शिकतात, स्नायूंचा आकार नंतर वाढतो. प्रत्येक वेळी बारबेलला (वजने लावायच्या लांब दांड्याला) दोन्ही बाजूंनी सव्वा किलोची प्लेट लावली, तर एका वेळी अडीच किलो वाढतात. आठवड्यातून तीनदा हा क्रम चालला तर वर्षाअखेरीस बारवर ३९० किलो जादा हवेत. अर्थातच कुणाच्याही बारवर ते नसतात. तीन-चार महिन्यांत गती मंदावते, आणि दर वेळी नवा आकडा गाठण्याची चटक लागलेल्या माणसाला वाटू लागते, की आपले काहीतरी चुकते आहे. चुकलेले काहीच नसते. आठवड्याला दिसणारी प्रगती आता दोन-तीन महिन्यांनी दिसणार असते, एवढाच फरक. जिममध्ये ‘बॉडी अडकली’ म्हणतात ती ही अवस्था.

दुसरे कारण घड्याळात आहे. जड वजनाचा एक सेट तीस-चाळीस सेकंदांत संपतो आणि त्यानंतर दोन-तीन मिनिटे विश्रांती लागते. तासाभरात पंधरा सेट झाले, तर प्रत्यक्ष मेहनत दहा मिनिटांची असते आणि उरलेला वेळ नुसते बसणे. धावणारा धावता धावता कंटाळतो. वजन उचलणारा कंटाळतो तो बसून. ही रिकामी मिनिटे भरण्याचे काम आता फोनने हाती घेतले आहे. तीन मिनिटांची विश्रांती त्यामुळे आठ मिनिटांची होते, स्नायू थंड पडतात आणि तासाचे दोन तास होतात.

सेट थोडे ठेवले तरी भागते, हे मात्र बरेच जुने ज्ञान आहे. अमेरिकन सैन्यातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना जड वजनांचा व्यायाम देऊन त्याचे निष्कर्ष १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. सुरुवातीला ते दहा रेप्सचे (सेटमधल्या एकेका उचलीला रेप म्हणतात) सात ते दहा सेट करून घेत. १९४८ पर्यंत त्यांनी आणि त्यांचे सहकारी वॉटकिन्स यांनी ही संख्या तीनवर आणली : पहिला सेट दहा रेप्सपर्यंत जेमतेम पेलवणाऱ्या भाराच्या निम्म्याने, दुसरा पाऊणपट भाराने आणि तिसरा पूर्ण भाराने. आज कोणत्याही जिमच्या भिंतीवर दिसणाऱ्या ‘तीन सेट’चा उगम मुख्यतः तिथे आहे. कंटाळलेल्या माणसाला वेळापत्रकात आणखी व्यायाम भरण्याऐवजी काही काढून टाकायला सांगणे हा पहिला उपाय ठरावा, पण ट्रेनर क्वचितच तो सांगतात.

तालमीतली व्यवस्था

महाराष्ट्रात ताकदीच्या मेहनतीची सर्वांत जुनी चालू असलेली संस्था म्हणजे तालीम. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती भरभराटीला आली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून मल्लांच्या पिढ्या घडल्या. तालमीतला व्यायाम जिमपेक्षा जास्त एकसुरी असतो. जोर, बैठका, सपाट्या, दोरावर चढणे, मुद्गल फिरवणे. यादी एवढीच, आणि संख्या शेकड्यांत. तरीही पहाटे चारला उठून पोरे ती वर्षानुवर्षे करतात. पैलवानांची जिद्द दांडगी असते म्हणून हे जमते, असे उत्तर सहसा दिले जाते. त्यात तथ्य थोडेच आहे. जिद्दीवर भार पडू नये, अशी मांडणी तालमीने करून ठेवलेली आहे.

पोरे तालमीतच राहतात. एक उठला की शेजारचा झोपू शकत नाही. मेहनतीला जोडीदार ठरलेला असतो आणि वस्तादाची नजर हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला असते. वस्ताद ‘आज कसं वाटतंय?’ असे सहसा विचारत नाही. तो आकडा सांगतो आणि तो आकडा पुरा होतो. किती करायचे हा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत नाही. जिममध्ये एकट्या माणसाची निम्मी शक्ती याच घासाघिशीत खर्च होते. व्यायामाच्या आधी हौदा उकरायचा असतो. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मुरवलेली लाल माती कुदळीने वरखाली करताना खांदे आणि कंबर तापतात, आणि माती मऊ झाली नाही तर लढतीत आपलीच पाठ सोलवटणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. या कामाला कुणी वॉर्म-अप म्हणत नाही, पण त्याचे प्रयोजन विचारावे लागत नाही.

शिवाय मेहनतीला तारीख असते. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरतात. लहान पोरे रेवड्यांवर लढतात, मोठे रोख इनामावर, आणि पुढचा टप्पा महाराष्ट्र केसरीचा. जोर-बैठकांतला कंटाळा तालमीत संपत नाही. पैलवानही कंटाळतात आणि तसे उघड बोलतात. पण कार्तिकात मारलेल्या बैठकांचा हिशेब चैत्रातल्या फडात सगळ्या गावासमोर होणार असतो. जिममधल्या माणसाच्या ताकदीचा असा जाहीर हिशेब कुठेच होत नाही. आरसा असतो, पण त्याच्यात रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

एकसुरी व्यायामाला मनाचे काम जोडून देण्याचा वेगळा प्रयोग औंध संस्थानात झाला. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा हिरिरीने प्रसार केला आणि संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक नमस्काराआधी बीजमंत्र आणि सूर्याचे एक नाव म्हणायचे असते. मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावे क्रमाने येत राहिली की मोजणी चुकत नाही आणि मनही भरकटत नाही. धार्मिक बाजू क्षणभर दूर ठेवली तरी व्यायामतंत्र म्हणून ही युक्ती हुशारीची आहे. रथसप्तमीला सामूहिक नमस्कार घालताना शे-दीडशेचा आकडा पार करणारे बरेच जण घरी एकटे असताना पंचविसाला थांबतात.

संशोधन काय सांगते

जोडीदाराचा परिणाम प्रयोगातही दिसलेला आहे. १९२० च्या दशकात जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो कोलर यांनी बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या तरुणांना दंडाच्या ताकदीवर वजन उचलायला लावले. आधी एकेकट्याने, मग जोडीने एकच जड दांडा धरून. जोडीतला एक थांबला की खेळ संपे. दोघांपैकी कमी ताकदीचा तरुण जोडीत असताना एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळक होता. जोडीदार फार तगडा असला की कमजोर माणूस प्रयत्नच सोडतो, आणि अगदी बरोबरीचा असला तर त्याला ओढ लागत नाही. जिममध्ये जोडी जमवताना हे लक्षात घेण्यासारखे आहे.

फी भरल्याने मात्र माणूस जिमला जातोच असे नाही. डेलाविन्या आणि मालमेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या ७,७५२ सभासदांची तीन वर्षांची हजेरी तपासून २००६ मध्ये निष्कर्ष मांडला. महिन्याला सत्तर डॉलरांहून जास्त भरणारे सभासद सरासरी ४.३ वेळा येत होते. म्हणजे एका फेरीला सतरा डॉलरांहून अधिक. दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर फेरी दहा डॉलरांना पडली असती. वार्षिक सवलतीवर झडप घालणाऱ्या आपल्याकडच्या सभासदांचे गणित वेगळे असेल असे मानायला काही आधार नाही.

२०२१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका प्रचंड अभ्यासात अमेरिकेतल्या जिमच्या ६१,२९३ सभासदांवर चार-चार आठवड्यांचे ५४ उपाय आजमावले गेले. त्यांपैकी ४५ टक्के उपायांनी आठवड्याच्या फेऱ्या ९ ते २७ टक्क्यांनी वाढवल्या. सर्वांत सरस ठरला तो उपाय अगदी साधा होता : ठरलेला दिवस बुडाल्यावर परत येणाऱ्याला किंचित जास्त बक्षीस. मात्र चार आठवडे संपल्यानंतरही ज्यांचा मोजण्याजोगा परिणाम राहिला, असे उपाय जेमतेम ८ टक्के होते. प्रेरणेचा डोस देणारे रील्स आणि भाषणे यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे सर्वत्र फिरणारे वाक्यही खरे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला. त्यात एखादी कृती आपोआप घडू लागायला साधारणपणे ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. जेवणासोबत पाणी पिण्याची सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही.

बदल किती करावा

कंटाळा आला की व्यायाम बदला, हा सल्ला सगळ्यांत सोपा आणि म्हणून सगळ्यांत जास्त दिला जाणारा. तो अर्धाच बरोबर आहे. दर आठवड्याला नवे यंत्र, नवा कोन, नवा व्हिडिओ असे केले तर ताकद वाढते आहे की नाही हे मोजायला पट्टीच उरत नाही, आणि प्रगती दिसेनाशी झाली की कंटाळा दुप्पट होऊन परततो. स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे), प्रेस (वजन ढकलणे), रोइंग (वजन अंगाकडे ओढणे) असे चार-पाच मुख्य व्यायाम दोन-तीन महिने न हलवता ठेवावेत आणि त्यांच्या आजूबाजूचे किरकोळ व्यायाम आवडीप्रमाणे बदलावेत, ही तडजोड व्यवहारात टिकते. रशियन प्रशिक्षणतज्ज्ञ लेव मात्वेयेव यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या कालखंडनिहाय आखणीतही व्यायाम टाकून देण्यापेक्षा भार आणि प्रमाण टप्प्याटप्प्याने पालटण्यावर भर आहे.

भार वाढत नसताना रेप्स वाढवता येतात. पंधरा किलोचे डंबेल आठ वेळा उचलणारा तेच बारा वेळा उचलू लागला की मग साडेसतरावर जायचे आणि पुन्हा आठपासून मोजायचे. यासाठी वही लागते. दोनशे पानी, घामाने कडा फुगलेली वही फोनमधल्या अ‍ॅपपेक्षा बरी, कारण तिच्यात नोटिफिकेशन येत नाही. ‘१५ × ८, ८, ७’ असा मागच्या मंगळवारचा आकडा समोर असला की आज शेवटच्या सेटमध्ये फक्त एक रेप जास्त मारायची असते. एवढे छोटे लक्ष्य बहुतेकांना त्या दिवशी पुरते. विश्रांतीच्या रिकाम्या मिनिटांसाठी छातीचा सेट संपताच पाठीचा सेट घेणे, म्हणजे सुपरसेट, हा उपाय वेळही वाचवतो. अवजड स्क्वॉट-डेडलिफ्टला मात्र तो लावू नये.

कंटाळ्यासारखे दिसणारे सगळेच कंटाळा नसते. नेहमीचे वजन दोन आठवडे जड जात असेल, झोप लागत नसेल, भूक मंदावली असेल, सांधे कुरकुरत असतील, तर शरीर थकलेले आहे. आठवडाभर भार आणि सेट निम्म्यावर आणले की बहुतेकदा गाडी रुळावर येते. व्यायामाबरोबरच जेवण, माणसे, काम, सगळ्यातलेच मन उडाले असेल तर तो जिमचा विषय नाही, डॉक्टरांना भेटावे.

उरतो तो निखळ कंटाळा. त्यावर काही काळ मेहनत घटवण्याची मुभा शरीरशास्त्र देते. कमावलेली ताकद राखायला ती कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. वजन तेवढेच ठेवून सेट तिसऱ्या हिश्श्यावर आणले, तरी तरुण माणसाची ताकद कित्येक महिने टिकते. वयस्कांना थोडे जास्त करावे लागते. व्यायाम पूर्ण सुटला तर ताकद उतरते, पण ती परत मिळवायला पहिल्यापेक्षा कमी काळ लागतो. परतणाऱ्याने जुन्या वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, कारण पहिल्याच दिवशी जुना आकडा गाठायला गेलेला माणूस पुढचे चार दिवस जिना उतरताना कठडा धरतो आणि पाचव्या दिवशी जिमकडे फिरकत नाही.