स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी (एसटीएल)

सी++ या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रमाण लायब्ररीचा, डेटा साठवण्याच्या रचना व त्यांवर चालणारे अल्गोरिदम पुरवणारा भाग. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांनी ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९२ ते १९९४ या काळात तो सिद्ध केला. डेव्हिड मसर यांचा वाटाही त्यात मोठा आहे. जुलै १९९४ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथे भरलेल्या बैठकीत अ‍ॅन्सी व आयएसओ या प्रमाणसंस्थांच्या संयुक्त समितीने त्याला मान्यता दिली आणि १९९८ च्या पहिल्या सी++ प्रमाणात तो समाविष्ट झाला. व्यवहारात सी++ ची सगळीच प्रमाण लायब्ररी ‘एसटीएल’ म्हणून ओळखली जाते. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या संपूर्ण लायब्ररीला हेच नाव दिले आहे. काटेकोरपणे पाहता इनपुट-आउटपुटचा भाग एसटीएलमधून आलेला नाही. प्रस्तुत नोंदीत संज्ञेचा मर्यादित अर्थच घेतला आहे.

उगम : एसटीएलचा आरंभ कधीपासून धरावा याविषयी एकवाक्यता नाही. सर्वांत मागे जाते ती स्टेपानोव्ह (जन्म १९५०, मॉस्को) यांनीच मुलाखतींतून सांगितलेली हकिगत. १९७६ मध्ये सोव्हिएत संघात असताना कच्चे मासे खाऊन त्यांना विषबाधा झाली. रुग्णालयात भ्रमाच्या अवस्थेत असताना त्यांच्या लक्षात आले की, पुष्कळ संख्यांची बेरीज अनेक प्रोसेसरांत वाटून करता येते ती बेरजेच्या साहचर्य गुणधर्मामुळे. (अ + ब) + (क + ड) या मांडणीत कंस कुठेही हलवले तरी उत्तर तेच येते, म्हणून दोन्ही कंस एकाच वेळी सोडवता येतात. येथे संख्या असण्याचीही गरज नाही. साहचर्य पाळणारी कोणतीही क्रिया, म्हणजे गणिताच्या भाषेत अर्धगट, असला की तीच रीत चालते. अल्गोरिदमचे नाते डेटाच्या प्रकाराशी नसून त्यामागील बीजगणितीय संरचनेशी असते, हा पुढील सर्व कामाचा पाया. हकिगत चटकदार असल्याने ती सर्वत्र उद्‌धृत होते. तिला आधार मात्र बऱ्याच वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणींचाच आहे.

लिखित पुरावा सुरू होतो तो अमेरिकेतील कामापासून. स्केनेक्टडी (न्यूयॉर्क राज्य) येथील जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात स्टेपानोव्ह, मसर आणि दीपक कपूर यांनी ‘टेक्टॉन’ या भाषेची मांडणी केली. तिच्यावरील लेखन १९८१ चे आहे. त्यानंतर ब्रुकलिन येथे अ‍ॅरन कर्शनबाउम यांच्यासह स्कीम या लिस्पकुळातील भाषेत आणि पुढे मसर यांच्यासह एडा भाषेत लायब्ररी लिहिल्या गेल्या. एडामधील लायब्ररीवरील निबंध १९८७ मध्ये व पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्कीममधील या टप्प्यामुळे एसटीएलचा वंश लिस्पशी जोडण्याचा कल काही लेखनात दिसतो. फंक्शनच दुसऱ्या फंक्शनला पुरवण्याची पद्धत दोहोंकडे आहे, हे खरे. तथापि लिस्पमध्ये बहुतेक सारे यादीच्या आधारे चालते, तर एसटीएलचा सारा भर स्मृतीतील स्थानांवर आणि तेथील मूल्ये जागच्या जागी बदलण्यावर आहे. कर्शनबाउम, मसर व स्टेपानोव्ह यांनी १९८८ च्या अहवालात आपल्या स्कीममधील पद्धतीला उच्चक्रमी ‘आज्ञार्थी’ (साठवलेली मूल्ये बदलत जाणारे) प्रोग्रामिंग म्हटले, हेही पुरेसे बोलके आहे. टेक्टॉन, एडा, सी++ ही परंपरा अधिक ग्राह्य वाटते. तिच्याही मागे जायचे तर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथील नाटो परिषदेत डग्लस मॅकइलरॉय यांनी केलेल्या सूचनेकडे जावे लागते. अचूकता, वेग, जागेचा वापर यांनुसार निवडता येतील अशा तयार घटकांची सूची असावी, असे त्यांचे म्हणणे होते. अशी निवड पुढे एसटीएलमध्ये प्रत्यक्षात आली.

एडामध्ये सामान्यीकृत (अनेक प्रकारच्या डेटावर चालणारे) फंक्शन वापरण्यापूर्वी प्रत्येक प्रकारासाठी ते स्पष्टपणे घडवून घ्यावे लागे. सी++ मध्येही तसेच असावे, असा आग्रह स्टेपानोव्ह यांनी बेल प्रयोगशाळेत असताना भाषेचे जनक बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांच्याकडे धरला होता. तेव्हा सी++ मध्ये टेम्प्लेट (असा सामान्यीकृत कोड लिहिण्याची सोय) नव्हते. टेम्प्लेटचा आराखडा स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९८८ मध्ये मांडला. स्ट्रॉस्ट्रुप यांनी तो आग्रह मानला नाही आणि प्रकार ओळखण्याचे काम कंपायलरवर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर) सोपवले. एसटीएल शक्य झाली ती याच निर्णयामुळे, असे स्टेपानोव्ह यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे.

समितीपुढील वाटचाल : नोव्हेंबर १९९३ मध्ये समितीच्या सॅन होजे (कॅलिफोर्निया) येथील बैठकीत अँड्र्यू कोनिग यांच्या निमंत्रणावरून स्टेपानोव्ह यांनी आपले काम मांडले. प्रतिसाद अनुकूल मिळाल्याने मार्च १९९४ मधील सॅन दिएगोच्या बैठकीसाठी रीतसर प्रस्ताव तयार झाला. किल्लीवरून मूल्य शोधणारे साहचर्यात्मक संग्रह त्यात हवेत आणि ते बाकीच्या रचनेत बसतात हे प्रत्यक्ष लिहून दाखवावे, अशी मागणी आली. ते काम मसर यांनी केले. ऑगस्ट १९९४ मध्ये एचपीने आपली अंमलबजावणी इंटरनेटवर विनामूल्य खुली केली. या एका गोष्टीमुळे प्रसाराला जो वेग आला तो समितीच्या ठरावाने आला नसता.

तोवर सी++ साठी संग्रहांच्या लायब्ररी नव्हत्या असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत घडलेली लायब्ररी त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होती. ती स्मॉलटॉकच्या धर्तीवर, एका मूळ क्लासपासून (डेटा व त्यावरील फंक्शने एकत्र बांधणाऱ्या प्रकारापासून) सर्व काही उतरवणारी होती. एसटीएलमध्ये वारसा (एका क्लासपासून दुसरा उतरवणे) जवळजवळ नाही आणि आभासी फंक्शने (नेमके कोणते चालवायचे ते प्रोग्रॅम चालताना ठरणारी) नाहीत. वस्तुनिष्ठ (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) पद्धतीविषयी स्टेपानोव्ह यांचे मत उघडपणे प्रतिकूल होते. स्ट्रॉस्ट्रुप यांनाही या लायब्ररीची लिहिण्याची शैली आरंभी विचित्रच वाटली होती. चांगल्या संग्रहांविषयीच्या आपल्या अपेक्षा तिला लावून पाहिल्यानंतर ते तिच्या बाजूचे झाले.

रचना : संग्रह, अल्गोरिदम आणि इटरेटर ही तीन मुख्य अंगे. संग्रहांचे प्रकार आणि अल्गोरिदम एकमेकांना थेट जोडले, तर दहा संग्रह व पन्नास अल्गोरिदम यांसाठी पाचशे फंक्शने लिहावी लागतील. दोहोंमध्ये इटरेटर घातला की काम साठावर येते. इटरेटर म्हणजे पॉइंटरचे (स्मृतीतील जागेचा पत्ता धरणाऱ्या मूल्याचे) सामान्यीकरण, आणि साधा पॉइंटर हाही इटरेटरच असतो. त्यामुळे सी भाषेतील जुन्या अ‍ॅरेवरही हे अल्गोरिदम जसेच्या तसे चालतात. मूळ मांडणीत त्याचे पाच वर्ग आहेत : फक्त वाचणारा, फक्त लिहिणारा, पुढे जाणारा, मागे-पुढे जाणारा आणि कोठेही थेट उडी घेणारा. सॉर्टला (क्रम लावणाऱ्या अल्गोरिदमला) पाचवा वर्ग लागतो, म्हणून साखळी यादीवर (दुव्यांनी जोडलेल्या घटकांच्या संग्रहावर) तो चालत नाही. यादीने स्वतःचा वेगळा सॉर्ट बाळगला आहे. अल्गोरिदमला दोन इटरेटरांनी दिलेला पल्ला नेहमी अर्धखुला असतो. आरंभ त्यात मोजला जातो, शेवटचा इटरेटर मात्र अखेरच्या घटकाच्या पुढच्या जागी असतो. रिकामा पल्ला म्हणजे दोन्ही टोके एकच, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.

या मांडणीची किंमत कुठे द्यावी लागते ते ‘रिमूव्ह’ या अल्गोरिदमवरून दिसते. व्हेक्टर या घटक सलग साठवणाऱ्या संग्रहात ३, ७, ३, ९, ३ असे पाच पूर्णांक आहेत आणि त्यांतील ३ काढायला सांगितले, तर नंतर पाहता सहसा ७, ९, ३, ९, ३ असे आढळते. लांबी पाचच राहते. अल्गोरिदमच्या हाती फक्त इटरेटर असतात; ज्या संग्रहातून ते आले तो त्याला ठाऊकच नसतो, मग त्याची लांबी तो कमी कशी करणार? राखायचे घटक तो पुढे सरकवतो, त्यांच्यानंतरची जागा परत कळवतो आणि उरलेला भाग संग्रहाच्याच ‘इरेज’ने कापावा लागतो. शिकणारे बहुतेकजण येथे एकदा अडखळतात. दोन्ही कामे एकत्र करणारे फंक्शन प्रमाणात आले ते २०२० मध्ये.

खर्चाची हमी : एसटीएलचे सर्वांत मोठे वेगळेपण, वापरणाऱ्यांच्या सहसा ध्यानात न येणारे, हे की एखादी क्रिया काय करते याबरोबरच ती किती पायऱ्यांत करते हेही प्रमाणाचा भाग झाले. मॅप (किल्लीवरून मूल्य शोधणारा संग्रह) आतून कसा असावा हे प्रमाण सांगत नाही. मात्र शोध, भरणा व काढणे या प्रत्येकाला घटकसंख्येच्या लॉगच्या (लॉगॅरिदमच्या) प्रमाणातच वेळ लागावा आणि घटक क्रमाने मिळावेत, अशा अटी घातल्यावर समतोल वृक्षाखेरीज फारसे पर्याय उरत नाहीत. प्रमुख अंमलबजावण्यांनी लाल-काळा वृक्ष निवडला आहे.

सॉर्टबाबत १९९८ च्या प्रमाणाने ‘न लॉग न’ (न म्हणजे घटकांची संख्या) इतक्या तुलनांची अट फक्त सरासरीपुरती घातली होती. क्विकसॉर्ट या क्रम लावण्याच्या रीतीला वाट मोकळी ठेवण्यासाठी ही सवलत होती, कारण प्रतिकूल क्रमात त्याचा खर्च ‘न’च्या वर्गावर जातो. मसर यांनी १९९७ मध्ये इन्ट्रोसॉर्ट मांडून यातून मार्ग काढला. क्विकसॉर्टने सुरुवात करायची, विभागणीची खोली लॉगच्या दुपटीपलीकडे गेली की उरलेला भाग हीपसॉर्टकडे द्यायचा. २०११ च्या प्रमाणात अट कोणत्याही क्रमाला लागू करण्यात आली. काही अंमलबजावण्यांनी ती प्रत्यक्ष पाळायला आणखी बरीच वर्षे घेतली.

यादीची लांबी हा वाद याहून लांबला. एका यादीतील काही गाठींचा (जोडलेल्या घटकांचा) सलग तुकडा दुसऱ्या यादीत नुसते दुवे बदलून हलवता येतो. तुकडा कितीही मोठा असो, वेळ तेवढाच. पण यादीने आपली लांबी साठवून ठेवली असेल, तर हलवलेल्या गाठी मोजाव्या लागतात आणि हा फायदा जातो. लांबी साठवली नाही, तर ती विचारताच संपूर्ण यादी चालून जावे लागते. म्हणजे दोहोंपैकी एकच क्रिया स्वस्त ठेवता येते. १९९८ च्या प्रमाणाची भाषा येथे मोघम होती : लांबी स्थिर वेळात मिळणे ‘अपेक्षित’ होते, बंधनकारक नव्हते. सिलिकॉन ग्राफिक्सच्या (एसजीआय) अंमलबजावणीने तुकडा हलवणे स्वस्त ठेवले. तिच्यावर आधारलेल्या जीसीसी कंपायलरच्या लायब्ररीनेही तेच केले. परिणामी ‘लांबी शून्य होईपर्यंत काढत राहा’ असे निरुपद्रवी दिसणारे चक्र तेथे लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात महागात पडे. रिकामेपणा तपासायला वेगळे फंक्शन वापरा, हा त्या काळचा ठरलेला सल्ला. २०११ मध्ये समितीने लांबीच्या बाजूने कौल दिला. पण यादीत लांबीचा एक रकाना वाढवणे म्हणजे स्मृतीतील तिची मांडणी बदलणे आणि जुन्या व नव्या कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडता न येणे. त्यामुळे जीसीसीने हा बदल पाचव्या आवृत्तीपर्यंत (२०१५) लांबवला आणि त्यानंतरही जुनी व नवी अशा दोन्ही मांडण्या शेजारीशेजारी ठेवल्या. लांबी विचारणारे असंख्य आणि तुकडा हलवणारे मोजके, हे पाहता समितीचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. तत्त्वतः मात्र त्यात एक खरी सोय गमावली.

उणिवा व दुरुस्त्या : हॅश-कोष्टकांचा (किल्लीवरून घटकाची जागा गणिताने काढणाऱ्या संग्रहांचा) प्रस्ताव बॅरेरो, फ्रेली आणि मसर यांनी १९९५ मध्ये दिला, पण मुदत उलटल्याच्या कारणावरून तो बाजूला ठेवला गेला. ती प्रमाणात आली २०११ मध्ये, तीही नवी नावे घेऊन, कारण दरम्यान प्रत्येक कंपायलरने सोपे नाव आपापल्या परीने वापरून टाकले होते. अ‍ॅलोकेटर हा संग्रहांना स्मृती मिळवून देणारा घटक मुळात इंटेलच्या जुन्या प्रोसेसरांवरील ‘जवळचे’ व ‘लांबचे’ पॉइंटर झाकण्यासाठी आला. ती गरज लवकरच संपली, घटक राहिला आणि स्मृतीच्या खास व्यवस्थापनासाठी वापरला जाऊ लागला. सत्य-असत्य मूल्यांचा व्हेक्टर जागा वाचवण्यासाठी एकेका बिटात भरला जातो. त्यामुळे त्यातील घटकाचा खरा पत्ता देता येत नाही आणि तो एसटीएलच्याच नियमांत पुरता बसत नाही. ही चूक होती, याविषयी आता फारसे दुमत नाही.

सर्वांत दीर्घकाळ राहिलेली उणीव भाषेतील होती. सॉर्टला कोणत्या वर्गाचा इटरेटर हवा हे १९९८ मध्ये प्रमाणाच्या गद्यात लिहिता येत होते, प्रोग्रॅममध्ये नाही. यादीवर सॉर्ट चालवला, की कंपायलर चूक दाखवायचा ती लायब्ररीच्या पोटातील कुठल्यातरी ओळीवर, पानभर संदेशासह. ही अट भाषेतच व्यक्त करणारी ‘कन्सेप्ट’ची सोय जुलै २००९ मध्ये फ्रँकफर्टच्या बैठकीत प्रमाणाच्या मसुद्यातून काढली गेली आणि वेगळ्या, सुटसुटीत रूपात २०२० मध्ये आली. त्याच वर्षीच्या प्रमाणात एरिक नीबलर यांच्या कामावर आधारलेले रेंजेसही आले. त्यांच्यामुळे दोन इटरेटरांऐवजी संग्रहच अल्गोरिदमला देता येतो.

अंमलबजावण्या : एचपीच्या मूळ लायब्ररीनंतर एसजीआयची महत्त्वाची, कारण स्टेपानोव्ह १९९५ मध्ये तेथे गेले. मायक्रोसॉफ्टची लायब्ररी पी. जे. प्लॉगर यांच्या डिंकमवेअरकडून आली आणि २०१९ मध्ये मुक्त स्रोत झाली. एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पाची लायब्ररी हॉवर्ड हिनंट यांनी नव्याने लिहिली. ती २०१० मध्ये जाहीर झाली.

भारतात अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी++ हा एसटीएलपूर्व कंपायलर दीर्घकाळ चालू राहिल्याने तिचा परिचय उशिरा झाला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या द्वितीय वर्षात ती आता शिकवली जाते आणि व्हेक्टरमध्ये नोंदी भरून त्या सॉर्ट व सर्च करणे हे नेहमीचे प्रात्यक्षिक आहे. अभ्यासक्रमापेक्षा प्रसार अधिक झाला तो प्रोग्रामिंग स्पर्धांमुळे. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ मध्ये सुरू केलेले कोडशेफ हे त्यांतील प्रमुख व्यासपीठ. स्पर्धकांत लायब्ररीच्या सर्व शीर्षक-फाइली (हेडर) एकदम घेणारी जीसीसीची एक अंतर्गत फाइल वापरण्याची प्रथा आहे. ती प्रमाणाचा भाग नसल्याने मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरवर असे प्रोग्रॅम चालत नाहीत.