कलाकाराच्या चौकटीत कुणाचं नाव? नाट्यपदांच्या श्रेयाची पार्श्वभूमी

फोंड्याजवळच्या एका गावात जत्रेला ‘सौभद्र’ झालं. नंतर तिथल्या हौशी मंडळींनी त्यातली निवडक पदं ऑर्गन-तबल्यावर रेकॉर्ड केली आणि ती ऑनलाइन चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऑनलाइन स्टोअरांना गाणी पुरवणाऱ्या वितरकाच्या फॉर्मात ‘प्रायमरी आर्टिस्ट’, म्हणजे मुख्य कलाकार, अशी चौकट होती. मी भाबडेपणाने तिथे कृष्ण, सुभद्रा, नारद असं भरून मोकळा झालो. चार दिवसांनी अल्बम परत आला. शेरा होता, पात्राचं नाव कलाकार म्हणून चालणार नाही. ऑर्गन वाजवणारे काका मोठ्याने हसले. म्हणाले, “लताबाईंचंही हेच झालं होतं की!”

काकांचं खरं होतं. 1949 साली ‘महल’ आला तेव्हा ‘आएगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओवर गाणं लागलं की श्रोते विचारत, ही गातेय कोण? शेवटी रेकॉर्ड कंपनीकडून नाव मिळालं आणि ते आकाशवाणीवर सांगितलं गेलं. ती गायिका आमच्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची थोरली लेक.

त्याच्याही मागे जायचं तर 1902. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात पोचला आणि गौहर जान यांच्यासारख्यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना ना भाषा कळे ना गायक, म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःच इंग्रजीत आपलं नाव सांगून टाकत असे. लेबलावर काय छापायचं ते त्यावरून ठरे. आजच्या भाषेत मेटाडेटा, म्हणजे गाण्यासोबत जाणारी माहिती, फक्त गळ्यातून दिलेली.

आपल्या संगीत नाटकांनी श्रेयाची सोय त्याआधीच छापील पुस्तकात केली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ 1880 मध्ये आलं आणि ‘सौभद्र’ 1882 मध्ये. या नाटकांच्या जुन्या प्रती उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली असते. चाल म्हणजे ही सुरावट अमुक गाण्यावरून घेतली, याची उघड कबुली. साकी, दिंडी, लावणी, कानडी पदं, जे कानाला रुचलं ते घेतलं आणि घेतल्याचं लिहिलंही. मला ही पद्धत आजच्या कुठल्याही फॉर्मपेक्षा प्रामाणिक वाटते.

डिजिटल स्टोअर आज वापरतात ते साचे मात्र दुसरीकडून आले. 1943 साली अमेरिकेत ‘ओक्लाहोमा!’ या संगीतिकेची गाणी डेका कंपनीने मूळ नटसंचाकडूनच गाऊन घेतली, आणि ‘ओरिजिनल कास्ट रेकॉर्डिंग’ ही शीर्षकाच्या शेपटीला लागणारी ओळ रूढ झाली. चित्रपटांसाठी तशीच ‘ओरिजिनल मोशन पिक्चर साउंडट्रॅक’. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर, हे ठीक आहे, आपल्याकडे मात्र ते अडखळतं. ‘मानापमान’ 1911 चं, शब्द खाडिलकरांचे, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. त्यातलं ‘शूरा मी वंदिले’ म्हटलं की कानात दीनानाथच वाजतात, आणि 1911 च्या मार्चमध्ये ते जेमतेम दहा वर्षांचे होते. मग याला ‘ओरिजिनल कास्ट’ कसं म्हणायचं? आपल्याकडे पद नाटकातून सुटतं, मैफलीत जातं, दुसऱ्याच्या गळ्यात मोठं होतं.

उलट, गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’ला (1964) हा साचा चपखल बसतो. वसंत कानेटकरांची पदं, मंगेशीच्याच जितेंद्र अभिषेकींचं संगीत, आणि पराशराच्या भूमिकेत म्हापशात जन्मलेले रामदास कामत स्वतः गात होते. नट आणि गायक एकच.

‘कट्यार काळजात घुसली’ने फॉर्म भरणाऱ्याची खरी परीक्षा घेतली. 1967 च्या नाटकात खाँसाहेब वसंतराव देशपांडे, तेच गायचे. 2015 च्या चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगांवकर, आवाज राहुल देशपांडेंचा. पंडितजी झालेले शंकर महादेवन मात्र स्वतःच गायले. जुन्या पदांचं संगीत अभिषेकींचं, नव्या गाण्यांचं शंकर-एहसान-लॉय यांचं. संगीतकाराचं एकच नाव अख्ख्या अल्बमला चिकटवलं की कुणावर तरी अन्याय ठरलेला. म्हणून श्रेय ट्रॅकगणिक भरायचं, आळस करायचा नाही.

इथे आयएसआरसी कामाला येतो. 1986 पासूनचा हा बारा अक्षर-अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक गाण्याला नव्हे, त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाला मिळतो. ‘कट्यार’मधलं ‘घेई छंद’ तिघांनी गायलं तर क्रमांक तीन. रचनेचा हक्क वेगळा. भारतात तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. खाडिलकर 1948 साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2009 पासून सर्वांचे. आमच्या ‘सौभद्र’चा तर प्रश्नच नव्हता, किर्लोस्कर 1885 मध्येच गेले. ध्वनिमुद्रणाच्या 60 वर्षांची मोजणी प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून होते. त्यामुळे जुनी तबकडी साफ करून चढवताना वर्तुळातल्या ‘पी’पुढे, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या हक्काच्या खुणेपुढे, आजचं साल टाकणं चूक.

नावांचा घोळ निराळाच. ‘मास्टर दीनानाथ’, ‘दीनानाथ मंगेशकर’, ‘पं.’ लावून, न लावून. लिहिण्यात एवढा फरक पडला तरी स्टोअरवर एकाच माणसाची दोन-तीन पानं तयार होतात आणि गाणी त्यांत विभागली जातात. तियात्राची, म्हणजे गोव्यातल्या कोंकणी नाटकाची, अडचण आणखी वेगळी. त्यात कांतारां, म्हणजे गाणी, पडद्यांच्या (अंकांच्या) मधे येतात, बहुधा कथेशी संबंध नसतो, आणि म्हणणाराच अनेकदा लिहिणाराही असतो. त्याला ‘साउंडट्रॅक’ म्हणणं मला तरी पटत नाही.

आमचा अल्बम शेवटी लागला. कलाकाराच्या जागी गाणाऱ्यांची नावं, गीतकार-संगीतकार किर्लोस्कर, ऑर्गनवर काका. पात्रांची नावं शीर्षकाच्या कंसात. ‘चाल’ला फॉर्ममध्ये चौकटच नव्हती. ती काकांनी पुस्तकातून उतरवून दिली आणि मी व्हिडिओच्या वर्णनात रागाखाली टाकली.