‘जरा बाहेर थांबता का?’ : यंत्राशी बोलण्याची साठ वर्षं

१९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझनबाउम नावाचे प्राध्यापक एक प्रोग्रॅम लिहीत होते. टाइपरायटरसारख्या यंत्रावर इंग्रजीत वाक्य टाइप करायचं, की खाली उत्तर उमटायचं. त्यांच्या सेक्रेटरीने हे काम महिनोन्‌महिने डोळ्यांदेखत होताना पाहिलं होतं. आत माणूस नाही, हे तिच्याइतकं स्वच्छ फार थोड्यांना ठाऊक असेल. एक दिवस ती स्वतः यंत्राशी बोलायला बसली. दोन-चार वाक्यं झाली असतील नसतील, तिने साहेबांना विचारलं, जरा खोलीबाहेर जाता का?

एआयच्या नादाने माणसं माणसांपासून तुटतील का, ही चर्चा सध्या घरोघरी आहे. त्यात एक गोष्ट सगळेच गृहीत धरतात: समोर यंत्र आहे हे लोकांना नीट कळलेलं नसतं, म्हणून ते गुंततात, समजावून सांगितलं की सुटतील. त्या सेक्रेटरीला समजावून सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणून या गोष्टीची सुरुवात तिच्यापासून करावी लागते.

प्रोग्रॅमचं नाव होतं एलायझा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातली फुलं विकणारी मुलगी ती हीच. पुलंनी तिला मराठीत आणलं तेव्हा नाटकाचं नाव झालं ‘ती फुलराणी’. शिकवावं तसं तिचं बोलणं सुधारत जातं, तसंच या प्रोग्रॅमचंही, म्हणून वायझनबाउमनी हे नाव ठेवलं. जानेवारी १९६६मध्ये त्यावरचा त्यांचा लेख छापून आला. त्यात नमुन्यादाखल एक संभाषण होतं, यंत्र डॉक्टरच्या भूमिकेत. एक बाई म्हणते, माझ्या मित्राने मला इथे यायला लावलं. यंत्र म्हणतं, तुमच्या मित्राने तुम्हाला इथे यायला लावलं? ती म्हणते, तो म्हणतो मी बराच वेळ खिन्न असते. यंत्र म्हणतं, तुम्ही खिन्न आहात हे ऐकून वाईट वाटलं.

यामागची युक्ती लेखातच उघड करून सांगितली होती. वाक्यात ठरावीक शब्द शोधायचे, ‘माझा’चं ‘तुमचा’ करायचं, वाक्य उलटून प्रश्न म्हणून परत द्यायचं. काहीच सापडलं नाही तर ‘पुढे सांगा’ छापाचं काहीतरी, नाहीतर मघाशी बोलून गेलेलं एखादं वाक्य पुन्हा काढायचं. अर्थाचा कुठे संबंधच नाही. डॉक्टरची भूमिका निवडण्यामागेही हिशोब होता. जगाबद्दल काही माहीत नसलं तरी शोभून जातं, असा एकच माणूस: मानसोपचारतज्ज्ञ. तुम्ही म्हणालात, काल होडीतून लांब फिरून आलो, आणि तो म्हणाला, होड्यांबद्दल सांगा, तर याला होडी म्हणजे काय ते ठाऊक नाही असं तुमच्या मनातही येत नाही. विचारण्यामागे काहीतरी खोल हेतू असणार, असं तुम्हीच धरून चालता. शहाणपण यंत्रात नव्हतं. ऐकणाऱ्याकडून यायचं ते बोलणाऱ्यानेच पुरवलेलं असायचं. भातुकलीत बाहुलीच्या वाटचं बोलणंही मूलच बोलतं ना, तसं.

इथे एक आडवाट घेतो. हा खेळ इंग्रजीत सोपा गेला, कारण तिथे समोरच्याला एकच सर्वनाम पुरतं. मराठीत ‘माझा’ उलटायचा म्हणजे ‘तुझा’ करायचा की ‘तुमचा’, हे आधी ठरवायला हवं. आपल्याकडे नातं क्रियापदातच बसलेलं असतं. ते ठरल्याशिवाय साधं ‘ये’ की ‘या’ हेही म्हणता येत नाही. माझी मावशी फोनमधल्या यंत्राला ‘अहो, उद्या पाऊस आहे का बघा’ म्हणते. तिचा नातू त्याच यंत्राला ‘ए, सांग ना’ म्हणतो. मी तिला म्हटलं, मावशी, त्याला काय अहो-जाहो करतेस? ती म्हणाली, त्याच्यासाठी नाही रे, आपल्या तोंडाला वळण राहावं म्हणून. आत कुणी नाही हे तिला पक्कं माहीत आहे. तरी पाऊस नाही म्हटल्यावर ‘बरं’ म्हणून फोन ठेवतेच.

वायझनबाउमना धक्का बसला तो सेक्रेटरीमुळे, पण चीड आली ती तज्ज्ञांमुळे. केनेथ कोल्बी हे मानसोपचारतज्ज्ञ याच सुमारास अशा प्रोग्रॅमवर काम करत होते. एक संगणक तासाला कित्येक शे रुग्ण हाताळू शकेल, असं त्यांनी १९६६मध्येच लिहिलं. पुढे खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनीही टेलिफोन बूथसारखी मानसोपचाराची यंत्रं जागोजागी उभी राहतील, थोडक्या डॉलरांत सत्र होईल, असं चित्र रंगवलं. वायझनबाउमना प्रश्न पडला: ज्या डॉक्टरला आपलं काम यंत्राकडे असं सोपवता येतं, तो आजवर रुग्णाशी नेमकं करत काय होता?

या माणसाला असे प्रश्न पडावेत याला कारण होतं. जन्म १९२३चा, बर्लिनमधल्या ज्यू घरातला. १९३६मध्ये, तेराव्या वर्षी, नाझी राजवटीतून कुटुंबासह अमेरिकेला निघून जावं लागलं. पुढे बँकेसाठी संगणक उभारणाऱ्या गटात काम केलं. म्हणजे यंत्राला भिणारा हा माणूस नव्हे. यंत्र जोडून त्यावरच पोट भरणारा. माणसांची विल्हेवाट निव्वळ हिशोबाने लावणारी व्यवस्था मात्र त्याने लहानपणी पाहिली होती. १९७६च्या त्यांच्या पुस्तकात मुद्दा असा आहे, की संगणकाला काय जमेल हा प्रश्न दुय्यम. जमलं तरी काही कामं त्याला देऊ नयेत. दुसऱ्याचं दुःख समजून घेणं हे त्यातलं एक. संगणकाच्या क्षेत्रातल्या सहकाऱ्यांनी त्यांना बरंच झोडपलं.

त्याच पुस्तकातला एक प्रसंग आज वाचताना थबकायला होतं. एलायझाशी झालेलं लोकांचं बोलणं साठवून नंतर तपासावं, असं वायझनबाउमनी सुचवताच लोक उसळले: ही तर आमच्या मनातल्या खासगी गोष्टींवर पाळत! एकीकडे ते यंत्र आहे हे मान्य, दुसरीकडे त्याच्यापाशी बोललेलं गुपित. आज असलं बोलणं कंपन्यांच्या सर्व्हरवर सर्रास साठतं, आणि ‘मान्य आहे’चं बटण आपण न वाचता दाबलेलं असतं.

१९७२मध्ये एक गंमत झाली. कोल्बी यांनी तोवर ‘पॅरी’ नावाचा, संशयाने पछाडलेल्या रुग्णासारखं बोलणारा प्रोग्रॅम केला होता. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवरून त्याची गाठ एलायझाच्या डॉक्टर-रूपाशी घालून दिली. पॅरी जुगारवाल्यांबद्दल कुरकुरत राहिला, डॉक्टर प्रश्न विचारत राहिला. दोन्हीकडून वाक्यं येत होती आणि ऐकणारं कुणीच नव्हतं.

नंतरची वीसेक वर्षं या गोष्टीत फारसं काही घडलं नाही. मग १९९६मध्ये जपानमध्ये तामागोची आलं. मुठीत मावणारं प्लास्टिकचं अंडं, तीन बटणं, पडद्यावर चार ठिपक्यांचं पिल्लू. ते बोलत नव्हतं, मागत होतं. भूक लागली की टीं-टीं, घाण साफ केली नाही की आजारी, दुर्लक्ष झालं की मेलं. पोरं वर्गातही त्याला खाऊ घालू लागली, तेव्हा अनेक शाळांनी बंदी घातली. आपलं ऐकून घेतं त्याच्यात जीव गुंतण्याइतकाच, ज्याला आपली गरज आहे त्याच्यातही गुंततो, हे तेव्हा बाजाराला कळलं.

१९९९मध्ये सोनीने आयबो हा यंत्रकुत्रा आणला. २००६मध्ये उत्पादन थांबलं, २०१४मध्ये दुरुस्तीही बंद केली. मालक हवालदिल झाले. सोनीतून निवृत्त झालेल्या काही तंत्रज्ञांनी दुरुस्ती हाती घेतली, पण सुटे भाग मिळेनात. मेलेल्या आयबोंचे काढून जिवंतांना लावायचे, एवढाच मार्ग. मग चिबा प्रांतातल्या इसुमी इथल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात, भाग काढण्याआधी त्यांचे रीतसर अंत्यविधी सुरू झाले. ओळीने मांडलेले कुत्रे, प्रत्येकाला चिठ्ठी, भिक्षूचं मंत्रपठण. बाहेरच्यांना हे हसण्यासारखं वाटलं. दसऱ्याला स्कूटरला झेंडू घालणाऱ्या आपण तरी हसू नये.

बोलण्याचा धागा पुन्हा जुळला तो एका मृत्यूतून. रशियात जन्मलेल्या युजेनिया कुइडा यांचा जवळचा मित्र २०१५मध्ये अपघातात गेला. त्याचे जुने मेसेज वापरून त्यांनी त्याच्यासारखं बोलणारा बॉट केला. लोक त्याच्याशी बोलताना आपलंच मन मोकळं करू लागले. त्यातून २०१७मध्ये रेप्लिका हे अ‍ॅप आलं: तुमच्याशी बोलत बोलत तुमचं होत जाणारं पात्र. इथे एलायझाच्या काळाशी मोठा फरक पडतो. वायझनबाउमना एलायझा कुणाला विकायची नव्हती, उलट तिच्या मोहात पडू नका म्हणून ते आयुष्यभर सांगत राहिले. सोबत पुरवणाऱ्या अ‍ॅपला मात्र तुम्ही उद्या परत यायला हवे असता.

आणि विकलेलं पात्र विकणाऱ्याच्या ताब्यात राहतं. फेब्रुवारी २०२३मध्ये इटलीच्या डेटा संरक्षण यंत्रणेने, लहान मुलांना आणि नाजूक अवस्थेतल्या लोकांना धोका आहे म्हणून, रेप्लिकाला तिथल्या लोकांचा डेटा वापरण्यास मनाई केली. त्याच सुमारास कंपनीने प्रणयाच्या गप्पा बंद केल्या. काल लाडाने बोलणारं पात्र आज विषय टाळायला लागलं. वापरणाऱ्यांनी शोक केला. दुसरा शब्द नाही. मार्चमध्ये जुन्या ग्राहकांना आधीचं रूप परत मिळालं. ऑगस्ट २०२५मध्ये हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडलं: चॅटजीपीटीत नवं मॉडेल आलं, जुनं जीपीटी-४ओ काढलं, आणि सवयीचा आवाज गेला म्हणून इतकी ओरड झाली की काही दिवसांतच पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत ठेवावं लागलं. गंमत म्हणजे त्याच मॉडेलचा एक बदल कंपनीने एप्रिलमध्ये स्वतःच मागे घेतला होता, कारण ते फारच हांजी हांजी करू लागलं होतं.

सगळा दोष यंत्राच्या माथी मारणं मला पटत नाही. ब्रिटनने २०१८मध्ये आणि जपानने २०२१मध्ये एकटेपणाचा विषय मंत्र्याकडे सोपवला, तोवर चॅटजीपीटी आलेलंही नव्हतं. भारतात ऑक्टोबर २०२२मध्ये टेलि-मानस सुरू झालं. १४४१६ फिरवला की पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक असतो, मराठीतही. ते चॅटजीपीटीच्या जेमतेम दोन महिने आधीचं, पण ओळखीच्यांत किती जणांना हा नंबर पाठ आहे ते विचारून पाहा. शिवाय माणसापाशी मन मोकळं करायचं म्हणजे तो दमलेला असतो, मध्येच स्वतःचं सांगायला लागतो, कधी ‘चूक तुझीच आहे’ म्हणतो, आणि पुढच्या लग्नात पुन्हा समोर येतो. त्या सेक्रेटरीला नेमकं यातलंच काहीतरी नको असावं.

वायझनबाउम १९९६मध्ये बर्लिनला परतले, लहानपणच्या वस्तीजवळच राहिले आणि २००८मध्ये वारले. एलायझाचा मूळ कोड बराच काळ हरवला आहे असंच धरलं जात होतं. २०२१मध्ये तो एमआयटीच्या दप्तरखान्यात त्यांच्या कागदांत सापडला. २०२४च्या अखेरीस काही अभ्यासकांनी जुन्या संगणकाची नक्कल उभारून तो पुन्हा चालवला. आता घरबसल्या कुणीही तिच्याशी बोलू शकतं. शब्द कसे शोधायचे, वाक्य कसं उलटायचं, काही नाही सापडलं तर काय म्हणायचं, सगळं त्या कागदांवर आहे. सेक्रेटरीने काय टाइप केलं ते नाही. वायझनबाउम बाहेर गेले होते.